मदत हवी आहे: १२५ हर्ट्झचा आवाज शोषणाऱ्या पातळ शोषकाचं शिखर सरकलंय आणि बुटकंही आलंय

१२५ हर्ट्झला तरंगलांबी २.७४ मीटर, आणि जाडी हवी फक्त ५० मिमी. म्हणून मान आत वळवलेला हेल्महोल्त्झ रेझोनेटर (बंद पोकळी आणि तिला नळीसारखी अरुंद मान; एका ठरावीक वारंवारितेला आवाज शोषतो) पीएलए प्लॅस्टिकमध्ये ३डी प्रिंट केलाय. बाहेरचा व्यास १०० मिमी, भिंती ३ मिमी, पोकळी साधारण ३०० घनसेंमी. मान ८ मिमी व्यासाची, २६ मिमी लांब. टोकांची दुरुस्ती (मानेबाहेरची थोडी हवाही हलते, तिच्यासाठी लांबीत धरायची भर) बाहेर त्रिज्येच्या ०.८५ पट आणि आत ०.६१ पट धरली, म्हणजे परिणामी लांबी ३२ मिमी. समोरचं झाकण कडेच्या आत दाबून बसवलंय, ग्लूचे चार ठिपके देऊन.

इम्पीडन्स ट्यूबमध्ये (शोषण मोजायची नळी; व्यास १०० मिमी, दोन माइकमधलं अंतर ५० मिमी) शिखर १२६ ते १३५ च्या मध्ये नाचतंय. शोषण गुणांक (१ म्हणजे सगळा आवाज शोषला) जेमतेम ०.६५, गणिताने ०.९ च्या वर हवा. डॅम्पिंग (घर्षणाने ऊर्जा जिरणं) कमी पडतंय असं वाटतं. मानेवर कापड किंवा जाळी लावायची तर कोणती?

प्रतिसाद १

कापडाला हात लावू नका अजून. ०.६५ हा आकडा डॅम्पिंग कमी असलं तरी येतो आणि जास्त असलं तरी येतो. नुसत्या शिखराच्या उंचीवरून दोन्हींतला फरक कळतच नाही. शिखरावर परावर्तन गुणांकाची (परतणारी लहर भागिले येणारी लहर) फेज बघा. १८० अंशांच्या आसपास असेल तर रोध (हवेच्या हालचालीला होणारा अडथळा, म्हणजेच डॅम्पिंग) कमी आहे, शून्याजवळ असेल तर जास्त.

पण त्याआधी माइक. ५० मिमी अंतरात १२५ हर्ट्झला फेजचा फरक जेमतेम साडेसहा अंश पडतो, त्यात एका अंशाची चूक म्हणजे १५ टक्के. अंतर तरंगलांबीच्या ५ टक्क्यांहून जास्त हवं, म्हणजे इथे किमान १३७ मिमी. १५० घ्या (वरची मर्यादा मग हजार हर्ट्झच्या आसपास येते, ती तुम्हाला आड येणार नाही). माइकची अदलाबदल करून कॅलिब्रेशनही करा.

दुसरी चाचणी फुकटची आहे. मानेचं तोंड प्लॅस्टिसिनने बुजवा आणि पुन्हा मोजा. तोंड बंद झालं की नमुना भरीव ठोकळ्यासारखा वागायला हवा, शोषण ०.०२-०.०३ च्या वर जाता कामा नये.

धागाकर्ता

१५० मिमीवर शिखर स्थिर झालं: १३१ हर्ट्झ, ०.६७. फेज शून्याजवळ. तोंड बुजवल्यावर ०.१ च्या आसपास सपाट रेघ.

प्रतिसाद १

म्हणजे गळती आहे, झाकणाच्या कडेने. ९४ मिमी व्यासाच्या झाकणाचा परीघ २९५ मिमी भरतो. तेवढ्या लांबीवर ०.१ मिमीची फट राहिली, तरी मानेला समांतर असा एक चिंचोळा मार्ग तयार होतो आणि एकूण रोध हवेच्या स्वतःच्या ध्वनिरोधाच्या साडेतीन पटींवर जातो (पूर्ण शोषणासाठी तो १ पट हवा). शोषण ०.६७ आणि वारंवारिता ५ टक्के वर, दोन्ही गोष्टी याच फटीतून निघतात. फटीचा रोध रुंदीच्या घनाच्या व्यस्त प्रमाणात असतो, त्यामुळे फट निम्मी केली तर गळती आठ पट कमी. ठिपक्यांनी भागणार नाही. पूर्ण परिघावर इपॉक्सी भरा. भिंतीही १०० टक्के भरीव प्रिंट करा आणि आतून पातळ इपॉक्सी फिरवा, पीएलएचे थर हवा सोडतात. नमुन्याची बाहेरची कड व्हॅसलीनने बंद करा आणि पाठ ट्यूबच्या कडक तळाला टेकलेली ठेवा, नाहीतर मागे दुसरी पोकळी तयार होते.

प्रिंटरवर भोकं बहुधा मापापेक्षा लहान येतात, तेव्हा मान ८ मिमीच्या ड्रिलने साफ करा. ७.७ निघाली तरी शिखर ४-५ हर्ट्झ खाली उतरतं.

प्रतिसाद २

गळती बंद झाली की रोध साधारण हवेच्या ०.६ पटींवर येईल, शोषण ०.९४. फेजही उलटी होऊन १८० अंशांकडे जाईल. पूर्ण १.० हवं असेल तर मानेत सुमारे १ पास्कल-सेकंद प्रति मीटर एवढाच रोध वाढवायचाय. साधं कापडही याच्या अनेक पट देतं, म्हणून कापडाने बिघडतंच. मान ५ मिमी व्यासाची नि ९ मिमी लांब केली, तर तीच वारंवारिता राहते आणि मानेच्या भिंतींशी होणाऱ्या घर्षणातूनच रोध जवळजवळ जुळतो.

धागाकर्ता

आणि वारंवारितांचा पट्टा? १०० ते २०० हर्ट्झ सगळं घ्यायचं, तर चार वेगवेगळे सेल (असेच रेझोनेटर) शेजारी लावले तर?

प्रतिसाद २

५० मिमीत नाही जमणार. रोध बरोबर जुळलेल्या एका सेलचा पट्टा पोकळीच्या खोलीवर ठरतो, मानेवर नाही. तुमच्या मापात तो २२ हर्ट्झच्या आसपास, तोही निम्म्या उंचीवर मोजलेला. अनेक सेलांनाही कार्यकारणभावाची मर्यादा लागते (परिणाम कारणाच्या आधी येत नाही, या तत्त्वातून निघणारी किमान जाडी). भौतिकशास्त्रज्ञ पिंग शेंग आणि सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये तिचा शोषकांसाठी वापर दाखवला: शोषण वजा केलेल्या उरलेल्या ऊर्जेचा नैसर्गिक लॉगरिदम सगळ्या तरंगलांब्यांवर बेरजेत (इंटिग्रल) घ्यायचा आणि ४ गुणिले पायचा वर्ग याने भागायचा, की किमान जाडी मिळते. १०० ते २०० हर्ट्झ, शोषण ०.९ असं धरलं तर उत्तर १०० मिमी, तेही पट्ट्याबाहेर शून्य शोषण मानून. ५० मिमीत कागदावर फार तर ११० ते १५०. प्रत्यक्षात ११५ ते १४० धरून चार सेल ६-८ हर्ट्झच्या अंतराने ट्यून करा, आणि प्रत्येक सेलची मान स्वतंत्र मोजा. चारही एकदम बसवून ट्यूबमध्ये घातले, तर कोणता चुकलाय ते आलेखात दिसत नाही.