सेल्फ मारण्याआधी थोडं थांबा
दादा, बारा वर्षं शेडमध्ये धूळ खात पडलेली प्रीमियर पद्मिनी गाडी पुन्हा चालू करायला घेताय, वाचून हात शिवशिवले. चाळीसगावची जुनी मंडळीही पुन्हा फोन करू लागलीत.

फक्त लगेच सेल्फ मारू नका. इंजिनाचे चारही स्पार्क प्लग काढून भोकांत चमचाभर ऑइल सोडा, रात्रभर मुरू द्या, मग टॉप गिअरात टाकून गाडी हळूच ढकला. मी घाई केली, पिस्टनची रिंग तुटली. 1089 सीसीचं इंजिन तसं चिवट, पण ड्रम ब्रेक खोलून बघाच. व्हील सिलिंडरची (चाकातला ब्रेक दाबणारा भाग) रबरं आखडलेली असणार.

आणि भुसावळच्या मे महिन्यात व्हेपर लॉक (उष्णतेनं पेट्रोलची वाफ होऊन पुरवठा अडणं) ठरलेलाच! पेट्रोल पंपावर (इंजिनावरच्या, हायवेवरच्या नव्हे) ओलं फडकं ठेवायचो, आठवतंय ना? रविवारी पाने घेऊन येतो. भरीत-भाकरी तुमच्याकडे.