फिट्सचं औषध दिल्यावर फिट्स वाढल्या, असं का होतं?

लेकीची आई:
मुलगी दोन वर्षांची आहे. सहाव्या महिन्यात तापात पहिली फिट आली, एकाच बाजूचे हातपाय बराच वेळ उडत होते. नंतर ताप नसतानाही यायला लागल्या. कार्बामाझेपिन सुरू केलं तर वाढल्याच. शेवटी जनुकीय तपासणीत एससीएन१ए या जनुकात बदल सापडला आणि ड्राव्हे सिंड्रोमचं, म्हणजे लहानपणीच सुरू होणाऱ्या फिट्सच्या एका आजाराचं, निदान झालं. आता व्हॅल्प्रोएट आणि क्लोबाझाम चालू आहे, फरक दिसतोय. डॉक्टर म्हणाले की या बदलामुळे सोडियम चॅनेल, म्हणजे पेशीत सोडियम आत जाण्याचा दरवाजा, कमी पडतो. तेव्हापासून डोक्यात एकच घोळतंय. सोडियम आत गेल्यावरच पेशी पेटते, म्हणजे विजेचा संदेश सोडते ना? मग चॅनेल कमी झाले तर मेंदू शांत व्हायला हवा. फिट्स येतातच कशा?

फिजिऑलॉजीची शिक्षिका:
ताई, तुम्ही नेमक्या जागी बोट ठेवलंय. मेडिकलच्या मुलांना मी हा विषय शिकवते. तिथेही मुलं हेच गृहीत धरतात की पेशी पेटल्या म्हणजे खळबळ आणि गप्प बसल्या म्हणजे शांतता.

मेंदूच्या बाह्य थरातल्या साधारण ८० टक्के पेशी पुढच्या पेशीला चेतवतात आणि २० टक्के तिला थोपवतात. पण थोपवायचं तरी पेशीला स्वतः पेटावंच लागतं. तेव्हाच तिच्या टोकातून गाबा हे थोपवणारं रसायन बाहेर पडतं, समोरच्या पेशीचे क्लोराइडचे दरवाजे उघडतात आणि ती पेशी पेटायला अवघड होते.

या २० टक्क्यांत बास्केट पेशी असतात. त्यांच्या तंतूंची टोकं चेतवणाऱ्या पेशीच्या मुख्य भागाला जाळीसारखी वेढून बसलेली असतात, म्हणजे संदेश जिथून निघतो त्याच्या अगदी जवळ. त्या सेकंदाला शंभराहून जास्त वेळा पेटू शकतात. एवढ्या वेगासाठी एससीएन१ए पासून बनणारा सोडियम चॅनेल त्यांना भरपूर लागतो. चेतवणाऱ्या पेशींचं मात्र दुसऱ्या जातीच्या सोडियम चॅनेलवर बरंच भागतं.

२००६ मध्ये विल्यम कॅटरॉल यांच्या प्रयोगशाळेने हाच दोष असलेल्या उंदरांत पाहिलं, तर सोडियमचा प्रवाह थोपवणाऱ्या पेशींतच घटला होता. पुढच्या वर्षी दुसऱ्या गटाने दाखवलं की अशी पेशी सलग पेटायला लागली की तिचे विजेचे ठोके एकेक करत बुटके होत जातात. गरज सर्वांत जास्त असते, नेमकी तेव्हाच ती थकते.

आता कार्बामाझेपिनकडे पाहा. ते सोडियम चॅनेलच अडवतं. अनेक रुग्णांना त्याचा फार उपयोग होतो, पण इथे आधीच अशक्त असलेल्या थोपवणाऱ्या पेशींवरच घाव बसतो. लॅमोट्रिजिन या फिट्सच्या दुसऱ्या औषधाचंही तसंच. क्लोबाझामची वाट निराळी आहे, जो काही गाबा सुटतो त्याचा परिणाम ते वाढवतं.

लेकीची आई:
आत्ता उलगडलं. मग गाबाच्या गोळ्या मिळतात त्या दिल्या तर? क्लोबाझामने ती फार झोपाळते.

फिजिऑलॉजीची शिक्षिका:
नको. पोटातून गेलेला गाबा रक्तातून मेंदूत जवळजवळ पोचतच नाही. झोपाळतेय हे डॉक्टरांना जरूर सांगा, डोस तेच बदलतील. मनाने कमी किंवा बंद करू नका, अशी औषधं एकदम थांबवली तर जोराच्या फिट्स येऊ शकतात.

झोप येण्याचं कारणही इथेच आहे. क्लोबाझाम मेंदूभर काम करतं. बास्केट पेशी मात्र ठराविक पेशीला ठराविक क्षणी थोपवतात, हिशेब मिलिसेकंदांचा असतो. लक्ष देताना मेंदूत ३० ते ८० हर्ट्झच्या ज्या लहरी उमटतात, त्यांचा ताल याच पेशी धरतात. म्हणून बोलणं, शिकणं मागे पडतं त्याचा सगळा दोष मी फिट्सवर टाकत नाही. २०१२ मध्ये अशाच उंदरांना गुंगी न आणणाऱ्या अगदी कमी मात्रेत क्लोनाझेपाम (क्लोबाझामच्याच जातीचं औषध) दिल्यावर त्यांचं एकमेकांशी वागणं सुधारलं होतं. मुलांना लगेच लागू करण्याची ही गोष्ट नाही, पण मला ती फार मोलाची वाटते. स्पीच थेरपी आजपासूनच सुरू करा, फिट्स थांबायची वाट पाहू नका.

त्याच निदानाच्या मुलाचा बाबा:
वहिनी, आमचा मुलगा आता मोठा आहे. एक काम आधी उरका. डॉक्टरांकडून एक पत्र लिहून घ्या: निदान काय, कोणती औषधं टाळायची, फिट पाच मिनिटांवर गेली तर काय आणि किती द्यायचं. रात्री कॅज्युअल्टीत ड्यूटीवर नवीन डॉक्टर असतात, फिट थांबत नसली की फेनिटॉइनचा विचार होतो, आणि तेही सोडियम चॅनेल अडवणारंच. फिट थांबवायला मिडाझोलामचा नाकातला स्प्रे जवळ ठेवायचा का, तेही विचारा. ताप चढायला लागला की लगेच उतरवायच्या मागे लागा. लसी मात्र चुकवू नका, त्या दिवसासाठी तापाचं काय करायचं ते आधीच ठरवून घ्या.

लेकीची आई:
भाऊ, पत्राचं कोणीच बोललं नव्हतं. पुढच्या तपासणीला पहिलं तेच मागते. एक प्रत पाळणाघरातही देऊ का?

त्याच निदानाच्या मुलाचा बाबा:
द्याच. आणि फिट सुरू झाली की आधी घड्याळ बघायचं, हे तिथल्या ताईंना समोर बसवून सांगा.