'ब्लूम'ला मराठीत काय म्हणाल?

खडूफळा: मुंबईतल्या एका प्रदर्शनाचे फलक मराठीत करते आहे. विषय नागपूरजवळच्या नाईकुंडची महापाषाणकालीन लोखंडभट्टी. भट्टीतून निघणाऱ्या सच्छिद्र गोळ्याला, म्हणजे ब्लूमला, आयोजकांनी 'लोखंडाचा रस' सुचवलंय.

भाता: रस अजिबात नको. लोखंड वितळतं १५३८ अंशांना, असल्या भट्ट्या चालत १२००च्या आसपास. वाहते ती मळी, खनिजातला वितळलेला गाळ. लोखंड घट्टच राहतं, ते तापलेलं असतानाच ठोकून उरलेली मळी पिळून काढायची. 'लोळा' लिहा.

अडकित्ता: लोळ आगीचा असतो. 'कच्चा गोळा' करा. आणि मळी कसली? लोहकीट! वैद्यांचं मंडूर तेच.

भाता: 'कच्चा' म्हटलं की अर्धवट उतरलेला वाटतो. तसाही निघतो, भात्याची हवा कमी पडली की. उलट कोळसा आणि आच जास्त झाली तर लोखंड कर्ब पितं, त्याचं बीड, म्हणजे ठिसूळ ओतीव लोखंड होतं आणि घणाखाली तुकडे पडतात.

रुईमांदार: पुढच्या फलकावर 'पोलाद' असेल तर खोडा. फारसी आहे. आपलं 'तिखे' असताना?

अडकित्ता: दादर स्टेशनवर तिखे मागून बघा, मिरची मिळेल.

रुईमांदार: रसरत्नसमुच्चय या जुन्या संस्कृत ग्रंथात लोहाचे प्रकार मुंड, तीक्ष्ण, कांत. तीक्ष्णाचंच तिखे. वाचकाला कळत नाही म्हणून शब्द मारायचा?

मूसवाला: फलक वूट्झ या जुन्या भारतीय पोलादाबद्दल असेल तर दोन्ही अपुरे. तो शब्द बहुधा कन्नड 'उक्कु'वरून. १७९४ साली डॉ. हेलेनस स्कॉटने मुंबईहूनच त्याचे नमुने लंडनला रॉयल सोसायटीचे अध्यक्ष जोसेफ बँक्स यांच्याकडे धाडले. हे मुशीतलं, म्हणजे धातू वितळवायच्या मातीच्या भांड्यातलं पोलाद: भाताचं तूस कालवलेल्या मातीची मूस, आत मऊ लोखंडाचे तुकडे, तरवडाचं लाकूड, रुईची पानं, वर मातीचं झाकण. मुशीला तडा गेला की माल आगीत. शाबूत राहिली तर सावकाश निववायची. कर्ब दीडेक टक्का, म्हणून मंद लाल असतानाच ठोकायचं. युरोपातले लोहार पांढऱ्या आचेवर घेत, की भुगा.

रुईमांदार: म्हणजे तिखेच, फक्त मुशीतलं.

मूसवाला: नाही. कुऱ्हाडीच्या धारेला लावतात ते कुठलंही पोलाद तिखे. उक्कु एका रीतीचंच.

खडूफळा: आणि माझा गोळा?

अडकित्ता: भट्टीतला की मुशीतला? मुशीतून निघते तिला वडी म्हणा.

रुईमांदार: वडी तर कोथिंबिरीची.