दीड वर्षात सायकियाट्रिस्ट? एका पोस्टला लांबलेलं उत्तर

रातपाळी
परवा या फोरमवरच्याच एका डॉक्टर आयडीने लिहिलं: "अमेरिकेत हल्ली नर्सबाई लेकरं झोपल्यावर लॅपटॉप उघडतात, दीड वर्ष ऑनलाइन कोर्स करतात आणि सोमवारपासून लिथियमसारखी मनोविकाराची औषधं लिहायला बसतात. रुग्णांनी आपापली काळजी घ्यावी." खाली हसऱ्या बाहुल्यांची रांग. तिथेच प्रतिसाद देणार होते, पण लांबला, म्हणून वेगळा धागा.

मी त्या नर्सबाईंपैकीच. अ‍ॅरिझोनात सायक नर्स प्रॅक्टिशनर (एनपी) आहे, म्हणजे मनोरुग्ण तपासून औषध लिहू शकणारी नर्स. इथे सहीसाठी डॉक्टर लागत नाही, हेही सांगून टाकते, म्हणजे ज्यांना भडकायचंय त्यांनी आत्ताच भडकून घ्यावं. त्याआधी अकरा वर्षं बंद वॉर्डात काढली, त्यातली सात रातपाळीची. लेकरं झोपल्यावर लॅपटॉप उघडला हे खरं आहे. दिवसा कोण उघडू देतं?

आता ते "दीड वर्ष". त्यात प्रगत पॅथोफिजिऑलॉजी (आजारात शरीरात काय बिघडतं ते), फार्मा (औषधशास्त्र) आणि शारीरिक तपासणी हे तीन विषय प्रत्येक एनपीला असतात, त्यावर सायकचे वेगळे. मग प्रत्यक्ष रुग्णांसोबतचे तास, मग १७५ प्रश्नांची राष्ट्रीय परीक्षा. आणि हे काही काल उगवलेलं नाही. हिल्डगार्ड पेपलाऊ बाईंनी रटगर्समध्ये मानसोपचार नर्सिंगचं पदव्युत्तर शिक्षण १९५४ साली सुरू केलं. नर्स प्रॅक्टिशनर ही कल्पना कोलोरॅडोत आली ती १९६५ मध्ये. म्हणजे आमचा सायकचा भाग एनपीपेक्षाही जुना.

राहिलं रुग्णांनी काळजी घ्यायचं. या देशातल्या निम्म्याहून जास्त कौंट्यांमध्ये (आपल्या जिल्ह्यांसारख्या) एकही सायकियाट्रिस्ट नाही. तिथल्या रुग्णांनी नेमकी कुणाची काळजी घ्यावी?

टेक्सासकर
तो डॉक्टर आयडी मीच. नाव घेतलं असतंत तरी चाललं असतं.

तास सांगताना तुम्ही आकडा गाळलात, तो मी भरतो. किमान ५०० होते, २०२२ च्या नव्या निकषांत ७५० झाले. आठवड्याला चाळीस धरले तर एकोणीस आठवडे. दिवाळी ते होळी! दिवाळीत फराळ करून बसायचं आणि धुळवडीला ब्रेन केमिस्ट्री हातात. मी महाराष्ट्रात तीन वर्षं सायकियाट्रीत एमडी केलं. मग स्टेप या परवाना परीक्षा, मॅच म्हणजे जागावाटप, आणि इथे पुन्हा चार वर्षं रेसिडेन्सी, म्हणजे रुग्णालयातलं प्रशिक्षण, पहिल्या इयत्तेपासून. वॉर्डात मला "यू नो व्हॉट लिथियम इज?" असं विचारणारा सीनियर माझ्यापेक्षा सहा वर्षांनी लहान होता. तेव्हा माझ्यासाठी कुणी "अनुभव धरा" म्हटलं नाही.

आणि तुमचं एकच प्रमाणपत्र पाच वर्षांच्या पोरापासून पंच्याऐंशीच्या आजोबांपर्यंत चालतं. आम्हाला लहान मुलांसाठी वेगळी दोन वर्षांची फेलोशिप आहे. यावर काय म्हणणं?

रातपाळी
रेसिडेन्सीचं दुःख कळतं हो डॉक्टर, पण ते आमच्यावर का काढताय? तुम्हाला परत पहिलीत बसवलं ते नर्सांनी नाही.

शिवाय नियम नेहमी आमच्याच बाजूचे असतात असंही नाही. अफूच्या व्यसनासाठी ब्युप्रेनॉर्फिन लिहायचं तर डॉक्टरला आठ तासांचं प्रशिक्षण होतं, आम्हाला चोवीस. २०२२ अखेर ती अट गेली, पण तेव्हा कुणी म्हटलं नाही की नर्सा जास्त शिकल्या. मेडिकेअर (वृद्धांचा सरकारी विमा) तर आम्हाला डॉक्टरच्या दराच्या ८५ टक्केच देतं. रुग्ण तोच, वेळ तेवढाच.

मुलांबद्दलचा मुद्दा मात्र बरोबर आहे. मी बारा वर्षांखालचं पोर घेत नाही. घेणारे आहेत, आणि मला ते पटत नाही.

तिसरी_सेमिस्टर
मी सध्या हा कोर्स करतेय, तुमच्याच टेक्सासात, डॉक्टर, ऑस्टिनजवळ. तुम्ही दोघं तासांवर भांडताय, मला ते तास मिळतच नाहीयेत. शाळा म्हणते प्रिसेप्टर, म्हणजे हाताखाली घेऊन शिकवणारा, तुमचा तुम्ही शोधा. फी पूर्ण घेते, वर "शोधण्यातून नेटवर्किंग शिकता" असं ईमेल पाठवते. मी एकसष्ट क्लिनिकांना फोन केले, वहीत खुणा आहेत. सात जणांनी उचलला. एकीने सांगितलं, एजंटमार्फत या, तासाला पंधरा डॉलर. फी वेगळी, हे वेगळं. मैत्रिणीला मिळाला तो प्रिसेप्टर दिवसाला तीस मेड चेक (औषधापुरत्या झटपट भेटी) करतो. ती मागे स्टुलावर बसते आणि रिफिलचं बटण दाबताना बघते. हेसुद्धा तासांतच धरलं जातं.

टेक्सासकर
घ्या. घरचाच आहेर.

मलाही एक सांगू द्या. माझ्याकडे बायपोलरची (कधी उन्माद, कधी नैराश्य) एक मुलगी आली, वय २३. आधीपासून व्हॅल्प्रोएट या औषधावर. एका एनपीने त्यावर लॅमोट्रिजिन हे दुसरं औषध चालू केलं, रोज २५ मिलिग्रॅम. एकटं असतं तर बरोबर. पण सोबत व्हॅल्प्रोएट असलं की ते दिवसाआड २५ ने चालू करायचं असतं, कारण रक्तात त्याची पातळी चढते. तिसऱ्या आठवड्यात अंगभर पुरळ, तोंडात फोड. ती वाचली. तिच्या आईने मला मोबाइलवर फोटो दाखवले, तो फोन टेबलावर ठेवताना त्यांचा हात थरथरत होता. त्यानंतर मी ती पोस्ट लिहिली. विनोद म्हणून नाही.

रातपाळी
हे आधी लिहिलं असतंत तर मी धागा काढलाच नसता. "लेकरं झोपल्यावर" लिहिलंत म्हणून काढला.

कट्टेकरी
अवांतर: डीएनपी (नर्सिंगमधली डॉक्टरेट) केलेल्या नर्सा म्हणे स्वतःला "डॉक्टर" म्हणवतात. हे खरं का?

टेक्सासकर
म्हणवतात. कॅलिफोर्नियात २०२२ मध्ये एकीला त्याबद्दल वीस हजार डॉलरच्या आसपास दंड झाला. पांढरा कोट, गळ्यात स्टेथो, पाटीवर डॉक्टर. रुग्णाला काय कळणार?

साबुदाणा गोळी
आता बोलायलाच हवं. साडेपाच वर्षं बीएचएमएस, म्हणजे होमिओपॅथी, त्यात एक वर्ष इंटर्नशिप, तरी महाराष्ट्रात आम्हाला "डॉक्टर" म्हटलं की काही लोकांच्या पोटात दुखतं. सीसीएमपी हा होमिओपॅथांसाठीचा फार्माचा वर्षाचा कोर्स केला, तो केलेल्यांना तुमची औषधं लिहिता यावीत म्हणून २०१४ मध्ये कायदा बदलला, आणि नोंदणीची वेळ आली तेव्हा २०२५ च्या सप्टेंबरात अ‍ॅलोपथीवाल्यांनी संप केला. खेड्यात रात्री ताप आलेलं पोर कोण बघतं? संपकरी?

टेक्सासकर
एका वर्षाच्या फार्मावर अँटिबायोटिक लिहायचं? हा धागा नर्सांचा आहे म्हणून गप्प बसतो.

साबुदाणा गोळी
गप्प कुठे बसलात, लिहिलंत की. तिकडे सत्तेचाळीस राज्यांत नर्सांनी डॉक्टरविना औषध लिहिलेलं चालतं ते बघा आधी.

रातपाळी
सत्तेचाळीस कुठून आणलीत? पूर्ण मुभा निम्म्याहून थोड्या जास्त राज्यांत आहे. टेक्सासात अजूनही डॉक्टरशी करार लागतो.

अनुप्रास
मी मराठीत पीएचडी. सोसायटीच्या पाटीवर बायकोने हौसेने "डॉ." लिहून घेतलं. रात्री दोन वाजता वरच्या मजल्यावरचे काका बेल वाजवून जुलाबाची गोळी मागायला आले. मी म्हटलं, मी फक्त यमक जुळवून देऊ शकतो. तेव्हापासून ते लिफ्टमध्ये बोलत नाहीत.

साबुदाणा गोळी
विनोद करा. पीएचडीला डॉक्टर चालतो, आम्हाला नाही!

कट्टेकरी
मी एक साधा प्रश्न विचारला होता.

रातपाळी
पदवीवरून निघालंच आहे तर माझीही खदखद. २००४ मध्ये ठरलं की २०१५ पर्यंत सगळ्या एनपी डीएनपी करूनच येतील. २०१५ आलं नि गेलं. मग म्हणाले २०२५. तेही गेलं, आणि मास्टर्सवाल्या अजून परीक्षा देताहेत, पासही होताहेत. मधल्या काळात कितीजणींनी "आता सक्तीचं होणार" या भीतीने कर्ज काढलं? माझी एक सहकारी. तिच्या डीएनपीत फार्माचा एकही जास्तीचा पेपर नव्हता. गुणवत्ता सुधारणेचा प्रकल्प होता, पोस्टर होतं आणि नेतृत्वावर चर्चा होती. त्यात अजून तीनशे तास रुग्ण बघायला दिले असते तर मीच तिला डॉक्टर म्हटलं असतं.

गव्हाचं शेत
कॅन्ससमधून. मी वैद्यकीय क्षेत्रातला नाही. घडलं ते सांगतो.

आमचं गाव म्हणजे धान्याची कोठारं, एक पेट्रोल पंप आणि चर्च. बायको बाळंत झाली, सासूबाई पुण्याहून डिंकाचे लाडू घेऊन आल्या. तिसऱ्या आठवड्यापासून बायको झोपेना. सासूबाई म्हणाल्या, होतं असं, ओल्या बाळंतिणीचा वात. एका पहाटे ती मला म्हणाली, "मी नसले तर आई इथेच राहील ना बाळाजवळ?" मी गाडी काढली. सायकियाट्रिस्टची तारीख अडीच महिन्यांनंतरची, तीही तीन तासांवर. दुसऱ्या दिवशी भेटली ती एनपी. पिकलेले केस, पायात नर्सांचे ते जाड बूट.

तिने गोळी लिहिली नाही. आधी विचारलं, झोप येत नाही तेव्हा दमता, की अंगात जोर असतो? बायको म्हणाली, जोर असतो, रात्री तीनला कपाटं आवरते. मग म्हणाली, घरात कुणाला कधी रुग्णालयात ठेवावं लागलं होतं का? बायको नाही म्हणाली. बाईंनी पेन खाली ठेवलं आणि सासूबाईंकडे बघत राहिल्या. मी मराठीत तोच प्रश्न विचारला. सासूबाई रडायला लागल्या. त्यांचा धाकटा भाऊ दोनदा येरवड्याला होता. पस्तीस वर्षं घरात कुणी बोललं नव्हतं, माझ्या बायकोला मामा "नोकरीला बाहेरगावी" असंच माहीत. बाईंनी त्याच दुपारी स्वतः सोबत येऊन तिला भरती केलं. बायपोलरची शक्यता असताना नैराश्याची नुसती गोळी दिली असती तर उन्माद भडकून काय झालं असतं, ते मला नंतर वाचून कळलं. वाचायला नको होतं.

टेक्सासकर
चांगला प्रश्न विचारला. माझ्या बॅचचे चौघं तरी तिथे सर्ट्रालिन (नैराश्याची गोळी) लिहून मोकळे झाले असते.

त्या बाईंना हे कोर्सात शिकवलं होतं का, हे विचारलंत कधी?

गव्हाचं शेत
विचारलं होतं. म्हणाल्या, चोवीस वर्षं स्टेट हॉस्पिटलात नर्स होते, नातेवाइकांच्या डोळ्यांकडे बघायला तिथे शिकले.

टेक्सासकर
म्हणजे पदवीने नाही, चोवीस वर्षांनी शिकवलं. माझाच मुद्दा.

रातपाळी
माझाही तोच आहे, तुम्ही वाचलात तर. वॉर्डाचा अनुभव असलेल्या नर्सला वर ही पदवी दिली तर ती बाई तयार होते. हल्ली काही शाळा नर्सिंगची पदवी नसलेल्यांनाही सरळ आत घेतात, आधी आरएन (नोंदणीकृत नर्स) करून देतात आणि एक शिफ्ट न करता सायक एनपी. त्यांच्याबद्दल तुम्ही जे लिहिलंत ते, बरं, पटतं. लेकरांचं वाक्य सोडून.

कोकणकडा
मी महाराष्ट्रातल्या एका मनोरुग्णालयात नर्स आहे. एमएस्सी केलं, मानसोपचार नर्सिंगमध्ये. प्रमोशन झालं, रजिस्टरच्या टेबलावर बसले. रात्री एकशे दहा रुग्णांना आम्ही दोघी. कोण दोन दिवस जेवला नाही, कोण गोळी गालात धरून थुंकतो, कुणाचे हात लिथियमने कापायला लागलेत, हे सगळं आम्हाला आधी दिसतं. लिहायचा अधिकार नाही. सकाळी राउंडला सांगावं तर साहेब म्हणतात, सिस्टर, तुम्ही फक्त चार्ट दाखवा. तुम्ही ७५० तास कमी म्हणून भांडताय. माझे किती झाले असतील, मोजलेले नाहीत.

साबुदाणा गोळी
बघा! अधिकार कुणालाच द्यायचा नाही, ही एक विशिष्ट मंडळी...

कोकणकडा
मी तुमच्या बाजूने बोलत नाहीये. आमच्याकडे येणारे निम्मे आधी सहा महिने कुणाच्या तरी पांढऱ्या गोळ्या खाऊनच येतात.

कट्टेकरी
😶

टेक्सासकर
सिस्टर, तो "साहेब" मी कधीकाळी होतो. तेच वाक्य म्हटलेलं आठवतंय. पुढे काही लिहीत नाही.

तिसरी_सेमिस्टर, व्यनि (खासगी निरोप) केलाय. मंगळवार आणि गुरुवार, पैसे नकोत. रिफिलचं बटण बघायचं नाही, स्वतः हिस्ट्री घ्यायची, मी मागे स्टुलावर बसेन. पहिल्या दिवशी लॅमोट्रिजिनचा चढता तक्ता तोंडपाठ हवा, व्हॅल्प्रोएटसकट. याचा अर्थ ७५० पुरेसे आहेत असं मी मान्य केलं, असा कुणी काढू नये. रातपाळीताईंनी तर मुळीच.

रातपाळी
मी कशाला काढू? स्क्रीनशॉट काढलाय.

तिसरी_सेमिस्टर
थँक यू सर!! वही घेऊन येते.

टेक्सासकर
सर नको. डॉक्टर म्हणा.

साबुदाणा गोळी
आलात ना फिरून तिथेच? माझ्या साडेपाच वर्षांचं उत्तर अजून कुणी दिलेलं नाही.