थंडीत बंद घरात पाइप फुटतात, मेन कॉक बंद करूनही

अर्धवट_गिलावा:
सुट्टीत राहायचं जुनं दुमजली घर, डागडुजी चालू. काम फक्त शनिवार-रविवार, मधले पाच दिवस कुलूप. रात्री पारा शून्याखाली 7-8 अंश. वरचं बाथरूम अर्धं उघडलंय, खालचं स्वयंपाकघर वापरात. सीपीव्हीसीची (प्लास्टिक पाइपची) लाइन दोनदा चिरली. दोन्ही वेळा मेन कॉक बंद होता, नळही उघडे होते. पाणी राहतं कुठे? गीझर भरलेला ठेवावा की रिकामा? आणि दोन हीटर लावले की लाइट जाते, त्याचं काय?

ढाळ_आधी:
मेन कॉक बंद केल्याने नवीन पाणी येत नाही, आतलं तिथेच राहतं. वरचं बाथरूम उघडताना क्लॅम्प काढलेत का, ते आधी बघा. क्लॅम्प गेला की पाइपला झोळ पडतो आणि झोळात पाणी साठतं. दोन्ही टोकांना आधी बर्फ धरला की मधलं पाणी कोंडतं. गोठताना ते साधारण 9 टक्के फुगतं, मग नळ उघडा असून उपयोग नाही. दुसरी जागा एनआरव्ही, म्हणजे पाणी एकाच दिशेने जाऊ देणारा व्हॉल्व्ह. त्याच्या वरच्या उभ्या पाइपातलं पाणी खाली येऊच शकत नाही. तिथे वरच्या बाजूला टी (तीन तोंडांचा जोड) टाकून अर्ध्या इंचाचा ड्रेन कॉक बसवा. पंपाच्या तळाशी वेगळा प्लग असतो, तोही काढा.

निघताना पंप आणि गीझरचा वीजपुरवठा आधी बंद. मग मेन कॉक, मग सगळ्यात खालचा ड्रेन, मग सगळे नळ, वरच्या मजल्यावरचेसुद्धा, कारण हवा तिथूनच आत शिरते. ढाळ नसलेल्या लाइनीत कॉम्प्रेसरने 2 ते 3 बारची हवा मारा. एका वेळी एकच नळ उघडा, लांबचा आधी, नुसती फवार येईपर्यंत, दोन फेऱ्या. त्याआधी गीझर लाइनीतून वेगळा करा. बॉल व्हॉल्व्ह शेवटी अर्धवट उघडे ठेवा. पूर्ण बंद किंवा पूर्ण उघडे ठेवले तर बॉलच्या पोकळीत पाणी अडकतं आणि बॉडीच तडकते.

ट्रॅपमधलं (सिंक-कमोडच्या वाकड्या नळीतलं) पाणी काढू नका, घरभर वास येईल. प्रोपिलीन ग्लायकॉलचं अँटीफ्रीझ ओता, सिंकला अर्धा लिटर, कमोडला लिटरभर. गाडीचं कूलंट नको, त्यातलं एथिलीन ग्लायकॉल विषारी असतं.

कॉइल_जळली:
पाच दिवस कुलूप असेल तर गीझर रिकामाच. भिंतीवरच्या टाकीच्या गीझरमध्ये गरम पाण्याचा पाइप आत वरपर्यंत गेलेला असतो, म्हणून गरम नळ उघडून टाकी उतरत नाही. गरम नळ हवेसाठी उघडा ठेवून थंड बाजूचं युनियन (खोलता येणारा जोड) सैल करा. तिथे सेफ्टी व्हॉल्व्हमध्ये एनआरव्ही असतो, तो पाणी आपणहून मागे सोडत नाही. परत आल्यावर गरम नळातून सलग धार आल्याशिवाय स्विच लावायचा नाही. कोरडी कॉइल काही क्षणांत जाते. स्विचवर चिकटपट्टी लावून ठेवा, गवंडी सहज दाबतात.

अर्धवट_गिलावा:
क्लॅम्प काढलेतच, पाच-सहा. हीट टेप (विजेवर तापणारी पट्टी) गुंडाळली तर लाइन उतरवायची कटकट वाचेल ना?

ढाळ_आधी:
वीज गेली की टेप नुसती पट्टी. वापरातल्या स्वयंपाकघराच्या लाइनीला लावा, बाकीची उतरवाच. दोन्हींच्या मध्ये एक कॉक टाका म्हणजे वरचा मजला स्वतंत्र रिकामा होईल. साधी टेप स्वतःवरच गुंडाळली तर तिथे तापून वितळते. वरून फोमची नळी घाला आणि एल्बो (वळणाचे जोड) उघडे सोडू नका, गोठायला तिथूनच सुरुवात होते.

पाच_ॲम्पिअर:
ट्रिप काय होतंय ते आधी ओळखा. 2000 वॉटचा हीटर 230 व्होल्टला जवळपास 8.7 ॲम्पिअर घेतो, दोन मिळून 17च्या वर. 16 ॲम्पिअरचा एमसीबी (जास्त करंटला आपोआप पडणारा स्विच) थोड्या वेळाने पडत असेल तर तो आपलं काम करतोय. मोठा एमसीबी टाकू नका, भिंतीतली जुनी दीड स्क्वेअर मिलिमीटरची वायर जळेल. हीटर वेगवेगळ्या सर्किटवर लावा. आरसीसीबी (करंट गळला की पडणारा स्विच) लगेच पडत असेल तर गळती, बहुतेक ओल्या भिंतीतली. सगळे एमसीबी खाली करून एकेक वर करा, जो वर केल्यावर आरसीसीबी पडेल ते सर्किट बंद ठेवा. एक्स्टेंशनची रीळ पूर्ण उलगडलेली हवी.

सोल्युशन_वाला:
चिरलेल्या सीपीव्हीसीबद्दल: थंडीत हा पाइप ठिसूळ होतो, कात्रीने कापला की टोकाला केसाएवढी चीर जाते आणि आठवड्याने तिथेच गळतो. बारीक दातांची हॅक्सॉ वापरा, चिरेच्या दोन्ही बाजूंना 5 सेंटिमीटर जास्त कापा. पाइप आतून-बाहेरून पूर्ण कोरडा हवा. सोल्युशन (पाइप जोडायचा चिकट द्रव) रात्रभर उबेत ठेवलेलं असावं, जेलीसारखं झालेलं फेका. थंडीत सांधा सावकाश धरतो, प्रेशर दुसऱ्या दिवशी द्या. रविवारी संध्याकाळी जोडून लगेच पाणी सोडू नका.

गोठलेला पाइप वितळवताना नळ उघडा ठेवून हेअर ड्रायर नळाकडून मागे न्या. मधूनच तापवलं तर वाफ कोंडते. ब्लोलॅम्प अजिबात नको. आणि बाथरूमचा गिलावा पारा रात्रीही 5 अंशांच्या वर राहायला लागेपर्यंत थांबवा, चुन्याचा असेल तर गिलावा केल्यावरही काही आठवडे थंडी चालणार नाही.