एका गुणाने हुकलेला दुसरा क्रमांक: २०१९ च्या फॉर्म्युला ३ हंगामाकडे कसे पाहावे?

निशिगंध_नाशिक

नमस्कार मंडळी,

माझा भाचा नववीत आहे आणि गेले वर्षभर तो कार्टिंग शिकतो आहे. परवा त्याच्या गणिताच्या वहीचे मागचे पान सहज उघडले, तर तिथे त्याने २०१९ च्या एफआयए फॉर्म्युला ३ (फॉर्म्युला १ च्या दोन पायऱ्या खालच्या) मोटार शर्यत स्पर्धेच्या गुणतालिकेतील पहिली चार नावे लिहून ठेवलेली दिसली: रॉबर्ट श्वार्ट्झमन २१२, मार्कस आर्मस्ट्राँग १५८, जेहान दारुवाला १५७, युरी विप्स १४१. यांतील १५७ या आकड्याखाली त्याने पेनाने दोन ठसठशीत रेघा ओढल्या होत्या. "मामा, एकच गुण कमी पडला. तो नेमका कुठे गेला असेल?" असे त्याने मला विचारले आणि मला समाधानकारक उत्तर देता आले नाही.

तो हंगाम मी स्वतः जमेल तसा पाहिला होता. मुंबईच्या जेहानने बार्सिलोनाची दुसरी शर्यत जिंकली आणि पाठोपाठ फ्रान्समधील पॉल रिकार्डची पहिली शर्यतही जिंकली, म्हणजे हंगामाच्या पहिल्या तीन शर्यतींपैकी दोन त्याच्या नावावर होत्या. तेव्हा हा मुलगा अजिंक्यपद घेऊन येणार असेच वाटत होते. त्यानंतरच्या तेरा शर्यतींत मात्र त्याला एकही विजय मिळाला नाही. पहिले तिघेही प्रेमा या एकाच इटालियन संघाचे होते, गाडीही सारखीच होती, मग हा फरक कशामुळे पडला? आणि दुसरा की तिसरा, या प्रश्नाला पुढच्या वाटचालीत खरोखर काही महत्त्व असते का? जाणकारांनी सविस्तर लिहावे ही विनंती. मी उत्तरे भाच्याला वाचून दाखवणार आहे.

---

अनिरुद्ध_कु

निशिगंध, प्रश्न फार चांगला आहे, आणि तुमच्या भाच्याने रेघा योग्य आकड्याखाली ओढल्या आहेत.

आधी त्या हंगामाची पार्श्वभूमी सांगतो, कारण त्याशिवाय त्या १५७ गुणांचे वजन कळत नाही. २०१८ पर्यंत जीपी३ मालिका आणि युरोपीय फॉर्म्युला ३ अशा दोन वेगवेगळ्या पायऱ्या होत्या. त्या दोन्ही एकत्र करून २०१९ मध्ये एकच स्पर्धा सुरू झाली, त्यामुळे पूर्वी दोन ठिकाणी विभागले जाणारे गुणी चालक एकाच रांगेत येऊन उभे राहिले. दहा संघ, प्रत्येकी तीन गाड्या, म्हणजे एकूण तीस गाड्या. सर्वांना डलाराची सारखीच चासी (गाडीचा सांगाडा), मेकाक्रोमचे ३.४ लिटरचे, सुमारे ३८० अश्वशक्तीचे व्ही६ इंजिन आणि पिरेलीचे टायर. मे महिन्यात बार्सिलोनाला सुरुवात आणि सप्टेंबरअखेर सोचीला समारोप, अशा आठ ठिकाणी प्रत्येकी दोन शर्यती झाल्या.

आता गुणांविषयी. शनिवारच्या पहिल्या शर्यतीच्या विजेत्याला २५ गुण मिळत आणि रविवारच्या दुसऱ्या शर्यतीच्या विजेत्याला १५. दुसऱ्या शर्यतीत पहिल्या शर्यतीचे पहिले आठ जण उलट्या क्रमाने उभे केले जात, म्हणजे आठवा आलेला सर्वांत पुढे आणि जिंकलेला आठव्या जागी. पोल पोझिशनला, म्हणजे पात्रता फेरीत सर्वांत कमी वेळ नोंदवून सर्वांत पुढची जागा मिळवण्याला, ४ गुण आणि सर्वांत वेगवान फेरीला २ गुण. हा शेवटचा आकडा भाच्याला मुद्दाम सांगा. सोळा शर्यतींपैकी कोणत्याही एका शर्यतीत आणखी एक वेगवान फेरी जेहानच्या नावावर लागली असती, तर आर्मस्ट्राँग तिसरा झाला असता. म्हणून तो गुण अमुक एका वळणावर गेला असे दाखवता येत नाही. तो हंगामभर कुठेही मिळवता आला असता.

दुसऱ्या आणि तिसऱ्या क्रमांकात फरक पडतो का, असे तुम्ही विचारले आहे. पडतो, आणि तो अगदी मोजता येतो. फॉर्म्युला १ मध्ये उतरण्यासाठी सुपर लायसन्स लागते आणि त्यासाठी सर्वसाधारणपणे तीन वर्षांत मिळून ४० गुण जमवावे लागतात. फॉर्म्युला ३ मधील विजेत्याला त्यासाठी ३०, दुसऱ्याला २५ आणि तिसऱ्याला २० गुण मिळतात. म्हणजे गुणतालिकेतील एका गुणाची किंमत लायसन्सच्या हिशेबात पाच गुण झाली. ज्या मुलाच्या पाठीशी मोठ्या कार कंपनीची अकादमी नाही, त्याच्यासाठी हे पाच गुण लहान नाहीत.

---

टायर_आणि_तापमान

अनिरुद्ध यांनी नियम नेमके सांगितले आहेत, पण "कुठेही मिळवता आला असता" या म्हणण्याशी मी पूर्ण सहमत नाही. माझ्या मते या हंगामाची चावी पात्रता फेरीत आहे.

मी काही वर्षे कोईम्बतूरच्या कारी ट्रॅकवर एलजीबी फॉर्म्युला ४ गाड्यांच्या एका लहान चमूत टायर आणि हवेचा दाब पाहण्याचे काम केले. ती गाडी आणि ही गाडी यांची तुलनाच होऊ शकत नाही, हे मला मान्य आहे, परंतु टायरचा स्वभाव सगळीकडे सारखाच असतो. गाडी आत आली की टायरच्या पृष्ठभागावर अंगठा दाबून पाहायचा. रबर चिकट लागले तर अजून दम आहे आणि त्यावर बारीक दाणे आले असतील तर त्या टायरची उत्तम फेरी होऊन गेली आहे, असे आम्ही समजत असू. ती उत्तम फेरी एकदाच येते, फार तर दोनदा. त्या फेरीत पुढे संथ गाडी आडवी आली की संपले.

आता फॉर्म्युला ३ चा शनिवार-रविवार कसा असतो पाहा. सराव एकदाच, ४५ मिनिटांचा. पात्रता फेरी ३० मिनिटांची आणि तीसच्या तीस गाड्या एकाच वेळी ट्रॅकवर. प्रत्येकाला मोकळी जागा हवी, प्रत्येकाला टायर नेमक्या क्षणी तापलेले हवेत, आणि ट्रॅकची लांबी तर वाढत नाही. त्या वर्षी मोन्झाला याचा अतिरेक झाला. तिथे लांबलचक सरळ रस्ते आहेत, त्यामुळे पुढच्या गाडीच्या मागे राहून हवेचा अडथळा कमी करून घेतला, म्हणजेच स्लिपस्ट्रीम मिळाला, तर वेळेत मोठा फरक पडतो. परिणामी कोणीही पुढे जायला तयार होईना. सगळे एकमेकांकडे पाहत रांगत राहिले आणि शेवटी अनेक चालकांना संथ चालवल्याबद्दल जागा मागे जाण्याचा दंड झाला. त्याच आठवड्यात फॉर्म्युला १ च्या पात्रता फेरीच्या शेवटीही हाच प्रकार घडला, तेव्हा कुठे जगाचे लक्ष गेले.

माझा मुद्दा असा की तीसजणांच्या या गर्दीत पहिल्या दोन-तीन रांगांत सातत्याने जागा मिळवणे हेच खरे कौशल्य होते. शनिवारी पुढून सुटलात तर २५ किंवा १८ गुण हाती येतात आणि रविवारीही पहिल्या आठांत असता. शनिवारी बाराव्या जागेवरून सुटलात, तर कितीही झुंजलात तरी दोन्ही दिवस गर्दीतच जातात. श्वार्ट्झमनचे ५४ गुणांचे अंतर मला यातूनच आलेले दिसते. त्याचे वाईट आठवडेसुद्धा फार वाईट नव्हते. जेहानकडे वेग नव्हता असे कोणीही म्हणू नये. बार्सिलोना आणि पॉल रिकार्ड येथे त्याने तो सिद्ध केला होता. परंतु दहा गाड्यांच्या स्पर्धेत एखादा साधारण आठवडा झाकला जातो, तीस गाड्यांच्या स्पर्धेत तो उघडा पडतो.

---

मिडलंड्सहून_मेघना

मी २०१९ साली इंग्लंडमध्ये नोकरीला होते आणि त्या जुलैत सिल्व्हरस्टोनला प्रत्यक्ष गेले होते, म्हणून थोडे लिहिते.

फॉर्म्युला १ च्या आठवड्यात या मुलांच्या शर्यती अगदी दिवसाच्या सुरुवातीला असतात, प्रेक्षक अजून चहा-कॉफीच्या रांगेत असतात तेव्हा. त्यांना फॉर्म्युला १ चे चकचकीत गॅरेज मिळत नाही. दूर कुठेतरी त्यांचे तंबू असतात आणि तिथून मेकॅनिक मंडळी टायर, हत्यारे आणि उरलेले सामान हातगाड्यांवर रचून पिट लेनपर्यंत ढकलत आणतात. मी कुंपणापाशी उभी असताना एक तरुण मेकॅनिक माझ्यासमोरून गेला. त्याच्या हातगाडीवर टायरची चळत इतकी उंच होती की त्याला पुढचे दिसत नव्हते, आणि दुसरा एकजण पुढे चालत "डावीकडे, आता सरळ" असे सांगत होता. हेल्मेट काखेत धरून त्यांच्या मागून येणारा चालक पाहिला तर मिसरूडही न फुटलेला. ज्यांना आपण दूरचित्रवाणीवर गाडीचा क्रमांक म्हणून ओळखतो, ती ही एवढीशी मुले आहेत, हे त्या क्षणी मला फार जाणवले. त्या शनिवारी विप्स जिंकला आणि रविवारी लिओनार्डो पुल्चिनी.

त्या हंगामाबद्दल बोलताना ऑगस्टअखेरचे स्पा विसरता येत नाही. ३१ ऑगस्टला बेल्जियममधील त्या ट्रॅकवर फॉर्म्युला २ च्या, म्हणजे फॉर्म्युला १ च्या लगेच खालच्या पायरीच्या, शर्यतीत आंत्वान युबेर हा २२ वर्षांचा फ्रेंच चालक अपघातात गेला. तो २०१८ चा जीपी३ विजेता होता, म्हणजे अनिरुद्ध यांनी ज्या जुन्या मालिकेचा उल्लेख केला तिचा शेवटचा विजेता. फॉर्म्युला २ ची रविवारची शर्यत रद्द झाली, पण फॉर्म्युला ३ ची मुले दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच ट्रॅकवर गाड्या घेऊन उतरली. पुढच्याच आठवड्यात मोन्झाला ॲलेक्स पेरोनी या ऑस्ट्रेलियन मुलाची गाडी पाराबोलिका वळणाबाहेरच्या उंच कर्बवर (ट्रॅकच्या कडेच्या उंचवट्यावर) आदळून हवेत उडाली आणि थेट संरक्षक भिंतीवर जाऊन पडली. तो स्वतःच्या पायांनी बाहेर आला, नंतर मणक्याला अस्थिभंग झाल्याचे निदान झाले. तो कर्ब त्यानंतर काढून टाकण्यात आला. मन घट्ट करून पुन्हा त्याच वेगाने गाडी चालवायची आणि वर एकेका गुणासाठी झगडायचे, हे त्या वयात त्यांनी कसे केले असेल याचा मी आजही विचार करते. निशिगंध, भाच्याला गुणांबरोबर हेही जरूर सांगा. घाबरवण्यासाठी म्हणून नव्हे. हेल्मेट, हॅलो (चालकाच्या डोक्याभोवतीची संरक्षक चौकट) आणि कर्बची उंची यांवर एवढी चर्चा का होते, ते त्याला समजावे म्हणून.

---

निशिगंध_नाशिक

तिघांचेही मनापासून आभार. रात्री जेवणानंतर सगळे वाचून दाखवले. स्पाचा भाग ऐकताना तो बराच वेळ गप्प होता. नंतर त्याने विचारले की, मग त्या पहिल्या तिघांचे पुढे काय झाले, आणि जेहान फॉर्म्युला १ पर्यंत का पोहोचला नाही? शिवाय अनिरुद्ध यांनी अकादमीचा उल्लेख केला आहे, त्याचा अर्थही त्याला हवा आहे.

---

अनिरुद्ध_कु

अकादमी म्हणजे फॉर्म्युला १ चा एखादा संघ किंवा त्यामागची कंपनी होतकरू चालकांना लहान वयातच आपल्या छत्राखाली घेते. पैसा, प्रशिक्षण, सिम्युलेटरवरचा सराव आणि मुख्य म्हणजे पुढचे दार कधी उघडणार याची आतली माहिती तिथून मिळते. २०१९ मध्ये श्वार्ट्झमन आणि आर्मस्ट्राँग हे दोघेही फेरारीच्या अकादमीत होते, विप्स रेड बुलचा होता. जेहानला तसे छत्र त्या हंगामानंतर मिळाले, २०२० मध्ये, रेड बुलकडून. त्याचा पाया मात्र फार आधीचा आहे. २०११ मध्ये फोर्स इंडिया संघाने भारतभर गुणी मुलांचा शोध घेतला होता आणि त्यातून निवडलेल्या तिघांमध्ये तो होता. तेव्हा तो जेमतेम तेरा वर्षांचा होता, म्हणजे तुमच्या भाच्याहूनही लहान.

आता पुढचे. भाच्याला आश्चर्य वाटेल, पण त्या हंगामातील पहिल्या तिघांपैकी एकानेही फॉर्म्युला १ ची शर्यत धावलेली नाही. नववा आलेला युकी त्सुनोदा, ज्याने मोन्झाची रविवारची शर्यत जिंकली होती, तो २०२१ मध्येच तिथे पोहोचला. अकरावा आलेला लियम लॉसन आणि एकोणिसावा आलेला लोगन सार्जंट हेही २०२३ मध्ये पोहोचले. श्वार्ट्झमन २०२५ मध्ये त्याच प्रेमा संघाच्या गाडीतून इंडियानापोलिस ५०० शर्यतीत पदार्पणातच पोलवर उभा राहिला. आर्मस्ट्राँगही अमेरिकेत इंडीकार या शर्यत मालिकेत धावतो. जेहानने डिसेंबर २०२० मध्ये बहरीनच्या साखीर येथे फॉर्म्युला २ ची शर्यत जिंकली, आणि असे करणारा तो पहिला भारतीय ठरला. २०२२ मध्ये त्याला मॅक्लारेनची फॉर्म्युला १ गाडी चालवून पाहण्याची संधी मिळाली आणि पुढे तो फॉर्म्युला ई या विजेवरच्या गाड्यांच्या स्पर्धेत मासेराटीसाठी धावला.

माझ्या आधीच्या प्रतिसादात मी पाच लायसन्स गुणांवर भर दिला होता. तो हिशेब चुकीचा नाही, परंतु केवळ त्या हिशेबानेच जागा मिळाली असती तर श्वार्ट्झमन सर्वांत आधी फॉर्म्युला १ मध्ये दिसला असता. तिथे एकूण वीसच जागा होत्या आणि वर्षाला त्यांतील दोन-तीन रिकाम्या झाल्या तरी पुष्कळ. कोणत्या संघाची कोणती जागा कधी मोकळी होते आणि त्या वेळी त्या संघाच्या छत्राखाली कोण उभा असतो, यावर फार काही ठरते.

---

टायर_आणि_तापमान

एक व्यावहारिक सूचना. भाच्याला जमल्यास बार्सिलोनाची पहिली शर्यतही दाखवा. त्यात ख्रिश्चन लुंडगार्ड सर्वांत आधी अंतिम रेषा ओलांडतो, पण व्हर्च्युअल सेफ्टी कार (ट्रॅकवर धोका असताना सर्वांना वेग कमी ठेवण्याचा आदेश) लागू असताना वेगमर्यादेचा नियम मोडल्याबद्दल त्याला पाच सेकंदांचा दंड होतो आणि विजय श्वार्ट्झमनला मिळतो. हंगामाची ती पहिलीच शर्यत होती. कार्टिंग शिकणाऱ्या मुलाने पिवळा झेंडा दिसल्यावर पाय कधी उचलायचा हे त्यातून पाहावे. त्याच्या प्रशिक्षकांनाही ती चित्रफीत उपयोगी पडेल.

---

निशिगंध_नाशिक

येत्या रविवारी दोघे मिळून पाहतो. त्याने वहीत १५७ च्या शेजारी "वेगवान फेरी = २" असे लिहून ठेवले आहे, आणि त्याखाली त्सुनोदाचे नाव, क्रमांक ९.