वॉटर वॉलीमुळे खरंच पाणी वाचतं का?

निवांत_निळू:
सिंगापूरच्या पीयूबीचा, म्हणजे तिथल्या सरकारी पाणी संस्थेचा, तो निळ्या थेंबाचा मॅस्कॉट, वॉटर वॉली, 2005 पासून आहे, आता जोडीला सॅलीपण आहे. मला विचाराल तर या थेंबानं एक बादलीसुद्धा वाचवलेली नाही, पाणी वाचलं ते दरामुळे आणि नळांमुळे. 1991 पासून बिलात पाणीबचतीचा टॅक्स वेगळा लागतो, 2009 पासून नळ नि फ्लशच्या टाक्यांवर टिकवालं लेबल (जितक्या जास्त टिक तितकी पाण्याची बचत) सक्तीचं झालं, 2017-18 ला दोन टप्प्यांत दर 30 टक्क्यांनी चढवले. एवढं सगळं केल्यावर घरगुती वापर 2003 च्या माणशी रोज 165 लिटरवरून 2018 ला 141 वर आला तर त्यात वॉलीचं काय कर्तृत्व? शाळेत येतो, हात हलवतो, पोरं मिठ्या मारतात, फोटो, झालं.

बूनलेची_बया:
झालं काय झालं? वॉली शाळेत येऊन गेल्यापासून आमचा धाकटा बाथरूमच्या दाराशी उभा राहून "पाच मिनिटं झाली!!" म्हणून बोंबलतो, त्याच्या बाबांना डोक्याला फेस असताना नळ बंद करावा लागलाय 😄 दर वाढला तेव्हा ह्यांनी जरा कुरकुर केली नि विषय संपला, बिल आपोआप अकाउंटमधून जातं, उघडून कोण बघतंय. पोरगं मात्र रोज मानगुटीवर असतं, आजीलासुद्धा सोडत नाही.

निवांत_निळू:
@बया, तुमचा धाकटा भारी आहे पण तो दहावीत गेला की स्वतःच अर्धा तास शॉवरखाली उभा राहील बघा. आणि बिल न बघणाऱ्याचाही नळ आता मुळातच कमी पाणी सोडतो, त्याला कळो न कळो.

अर्धवट_अभियंता:
दोघांनाही एक आकडा. 2020 ला माणशी वापर 141 वरून थेट 154 वर गेला. त्या वर्षी ना दर उतरले ना वॉली रिटायर झाला, नळही तेच. लोक घरी बसले, ऑफिस-शाळेतला फ्लश नि हात धुणं घरच्या मीटरवर आलं एवढंच. म्हणजे हा आकडा नुसता बघून कोणी सुधारलं का बिघडलं हे सांगताच येत नाही, तेव्हा दराचं श्रेयही इतकं छाती ठोकून नको रे निळू. उलट प्रश्न असा की निम्म्याहून जास्त पाणी घरात जातच नाही, कारखाने नि धंदे घेतात, चिप बनवणारे तर पाण्यावरच जगतात. तिथे कुठला थेंब हात हलवायला जातो?

घागर_उताणी:
तिथे थेंब नाही, कागद जातो. मोठ्या वापरकर्त्यांना 2015 पासून कुठे किती पाणी वापरलं नि कुठे वाचवणार याचा प्लॅन पीयूबीला द्यावाच लागतो. पण बाथरूममध्ये इन्स्पेक्टर पाठवता येत नाही ना, म्हणून तिथे वॉली. आणि न्यूवॉटर विसरलात का सगळे? सांडपाणी शुद्ध करून परत वापरायचं हे लोकांच्या गळी उतरवणं काय खायचं काम नव्हतं, ते वॉलीसारख्या गोड चेहऱ्यामुळेच जमलं.

निवांत_निळू:
सालं तपासा की राव. न्यूवॉटर 2003 ला सुरू झालं, त्याच्या आदल्या वर्षी नॅशनल डे परेडला पंतप्रधानांसकट हजारो लोकांनी त्याच्या बाटल्या उघडून प्यायल्या. वॉली तेव्हा जन्मालाही आला नव्हता. पटवायचं काम पाणी गाळणाऱ्या मेम्ब्रेन, टेस्टचे रिपोर्ट आणि खुद्द पंतप्रधानांनी घेतलेला घोट यांनी केलं.

घागर_उताणी:
बरं न्यूवॉटरचं सोडा. पण दर चढवायचा तर लोकांना आधी पाण्याची किंमत कळायला नको? शेजारच्या मलेशियातल्या जोहोर राज्यातून सिंगापूरला येणाऱ्या पाण्याचा 1962 चा करार 2061 ला संपतोय, आज शाळेत असलेली पोरं तेव्हा ऐन कर्त्या वयात असतील. त्यांना टॅरिफचं कोष्टक आत्ता कोण समजावणार, तुम्ही?

बूनलेची_बया:
अगदी. आणि एक सांगते, लेबलवालं वॉशिंग मशीन घेतलं म्हणून कोणी दोन शर्टांसाठी मशीन लावायचं थांबत नाही. आमच्या मजल्यावर एक काकू आहेत, नवंकोरं चार टिकवालं मशीन नि दिवसातून दोनदा घरघर चालू. तिथे तुमचं लेबल काय करतंय?

निवांत_निळू:
काकूंना वॉली पाठवून बघा मग 😂 गंमत सोडा, पोरांना शिकवण्याला माझी ना नाहीच. पण पाहुणा येऊन गेल्यासारखा वॉली येतो नि जातो, त्याऐवजी त्याच वर्गात मुलांना घरचं बिल आणायला सांगा, त्यावर आपला वापर नि शेजाऱ्यांची सरासरी शेजारीशेजारी छापलेली असते. शेजाऱ्यापेक्षा आपला बार उंच दिसला की घरात जी चर्चा होते ती मिठीनं होत नाही.

अर्धवट_अभियंता:
हे पटलं. फक्त पाच माणसांच्या घराची दोन माणसांच्या घराशी तुलना होते नि उगाच भांडणं लागतात, माणशी आकडा काढायला शिकवा आधी.

बूनलेची_बया:
धाकट्याला सांगितलं बिलाचं. आता पासवर्ड मागतोय.